‘नंतर पुसून टाकू’ म्हणून गायलेलं गाणं

परवा रात्री साडेअकराला एका मित्राचा फोन. ‘उद्या संध्याकाळी फ्री आहेस? एक गाणं गायचंय.’

मी गार! माझा आवाज म्हणजे बाथरूमपुरता. तोही गीझर चालू असेल तरच. पण या पठ्ठ्याचा बँड आहे. चौघं जण, चौघंही आयटीत, शनिवार-रविवार कोथरूडमध्ये एकाच्या बेडरूममध्ये गाद्या भिंतीला लावून रेकॉर्डिंग करतात. यावेळचं गाणं ड्युएट आहे, गाणारी मुलगी महिनाभर मिळणार नाहीये आणि तोवर काम अडायला नको.

‘अगं, टेन्शन घेऊ नकोस. रफ आहे. खरी गायिका आली की तुझा ट्रॅक पुसून टाकू.’

पुसून टाकू! वा! काय आमंत्रण आहे!

तरी गेले. हातात कटिंग, पायात चप्पल, डोक्यावर भलेमोठे हेडफोन्स. कागद बघत बघत कसंबसं म्हटलं, दोनदा हसले, एका ओळीला तर नुसतं ‘ला ला ला’ केलं. वीस मिनिटांत मोकळी. पुसणारच आहेत, मग जीव कशाला काढायचा? बरोबर ना?

घरी येताना रिक्षात कानाला इअरफोन लावले आणि प्लेलिस्टनं नेमकं तेच गाणं काढलं, जे डिसेंबर लागला की कॅम्पातल्या प्लम केकच्या वासाबरोबर कुठून ना कुठून ऐकू येतंच. द पोग्ज या बँडचं ‘फेअरीटेल ऑफ न्यूयॉर्क’. आणि मला एकदम आठवलं, की या गाण्यातला तो बाईचा आवाजसुद्धा रफच होता. पुसून टाकण्यासाठी गायलेला.

मंडळी, आजची गोष्ट त्या आवाजाची.

दोन वर्षं अडलेलं गाणं

पोग्ज हा बँड 1982 मध्ये लंडनमध्ये सुरू झाला. पंकचा धिंगाणा आणि आयर्लंडची लोकगीतं एकाच भांड्यात घालून ढवळली, तर जे काय होईल ते म्हणजे पोग्ज. बँजो, अकॉर्डियन, पत्र्याची शिट्टी, आणि मध्यभागी दातांची पार वाट लागलेला, कायम प्यायलेला दिसणारा शेन मॅकगॉवन. दिसायला गल्लीतला टवाळ, लिहायला लागला की अस्सल कवी. त्याचा जन्मही 25 डिसेंबरचा, 1957 सालचा. ख्रिसमसचं गाणं त्याच्या हातून होणारच होतं म्हणा.

पण झालं कसं, ते बघा. 1985 मध्ये बँजोवाल्या जेम फायनरनं एक चाल बांधली आणि तिच्यावर न्यूयॉर्कमध्ये घराची आठवण काढणाऱ्या एका खलाशाची गोष्ट रचली. बायकोला ऐकवली. बायकोनं तोंडावर सांगितलं, फारच गुळगुळीत आहे. त्यापेक्षा नवरा-बायकोचं लिही ना! दिवस फिरलेलं एक जोडपं, सणाच्या दिवशी एकमेकांशी बोलतंय, असं काहीतरी. (घरच्या समीक्षकाचं ऐकावं, ते असं!)

फायनरनं ऐकलं. मग मॅकगॉवननं शब्द हातात घेतले. ख्रिसमसची आदली रात्र, न्यूयॉर्क, दारुड्यांना डांबून ठेवायची पोलीस कोठडी. तिथे पडलेल्या एका माणसाला त्याची ‘ती’ आठवते. मोठी स्वप्नं घेऊन अमेरिकेत आलेले हे दोघं. सुरुवातीचे ते मंतरलेले दिवस, मग दारू, नशा, फसगत आणि मग भांडण. साधंसुधं नाही, चाळीतली सगळी दारं उघडतील असं. आणि त्या शिव्यांच्या शेवटी, एका क्षणी, दोघांच्या आवाजात काहीतरी ओलं येतं. बस्स! गाणं संपतं.

गंमत म्हणजे हे सगळं लिहायला घेतलं तेव्हा या मंडळींनी न्यूयॉर्क पाहिलंच नव्हतं. ते बघायला मिळालं 1986 च्या सुरुवातीला, पहिल्या अमेरिका दौऱ्यात. गाण्याचं नाव जे. पी. डॉनलेव्ही यांच्या 1973 च्या कादंबरीवरून उचललं.

गाणं ड्युएट. मग बाई कोण? तर बँडची बेस गिटारवाली केट ओ’रिऑर्डन. 1986 च्या सुरुवातीला तिच्या आवाजात डेमो झाला, पण गाणं काही जमलं नाही. त्याच वर्षी केट बँड सोडून गेली. गाण्यातली बाईच गेली!

वर आणखी एक झमेला. ‘स्टिफ रेकॉर्ड्स’ ही त्यांची कंपनी बुडाली आणि तिच्या कागदपत्रांच्या भानगडीत बँड अडकला. नवं रेकॉर्डिंग बंद. गाणं पडून राहिलं. आपलं एखादं प्रोजेक्ट नाही का ‘ऑन होल्ड’ जातं? तसंच.

एक दिवस, एक घर, एक आवाज

1987 उजाडलं. कंपनीचा गुंता सुटला आणि पोग्ज लंडनच्या आरएके स्टुडिओत शिरले. निर्माता म्हणून आला स्टीव्ह लिलीव्हाइट. यू-टू या बँडचे पहिले तीन अल्बम करणारा हाच तो.

गाण्याचे सरळ दोन तुकडे आहेत. आधी पियानो आणि मॅकगॉवनचा संथ, जडावलेला आवाज. मग अख्खा बँड उसळतो आणि चाल नाचायला लागते. हे दोन्ही एका दमात वाजवायचा प्रयत्न जमेना. लिलीव्हाइट म्हणाला, वेगवेगळं करा, नंतर जोडू. जोडलं. फिट्ट बसलं.

राहिला बाईच्या आवाजाचा प्रश्न. ऑगस्ट 1987 मध्ये सुरुवातीची रेकॉर्डिंग्ज संपली तेव्हा दोन्ही भाग मॅकगॉवनच गात होता. नवराही तोच, बायकोही तोच. आता असं भांडण रंगणार कसं?

लिलीव्हाइटनं एक साधी गोष्ट सुचवली. ‘टेप घरी नेतो. बायकोकडून बाईचा भाग गाऊन आणतो. मॅकगॉवनला समोर काहीतरी ऐकून गाता तरी येईल.’

यालाच स्टुडिओच्या भाषेत गाईड व्होकल म्हणतात. आपल्याकडे कुणी त्याला रफ म्हणतं, कुणी स्क्रॅच, कुणी डमी. काम एकच. कडवं कुठे सुरू होतं, श्वास कुठे घ्यायचा, कुणाची ओळ कुठे संपते, हे बाकीच्यांना कळावं म्हणून कुणीतरी गाऊन ठेवायचं. मग खरा गायक येतो, गातो आणि तो आधीचा आवाज पुसला जातो. इमारत उभी राहीपर्यंत बांबूची परात असते ना, तशी. रंगकाम झालं की सोडून टाकतात. घराच्या फोटोत ती कधीच नसते.

ही बायको म्हणजे कर्स्टी मॅकॉल. आणि ती काही निर्मात्याची हौशी गाणारी बायको नव्हती बरं का! प्रसिद्ध लोकगायक युअन मॅकॉल यांची मुलगी. स्वतः गाणी लिहिणारी. 1985 मध्ये तिचं एक गाणं ब्रिटनच्या टॉप टेनमध्ये गेलेलं. पण पुढे? तीही त्याच बुडालेल्या स्टिफ रेकॉर्ड्सची गायिका. कंपनी गेली आणि हिचंही स्वतःच्या नावावर रेकॉर्ड काढणं अडलं. शिवाय स्टेजची भयंकर भीती. त्यामुळे ही हुशार बाई त्या वर्षांत काय करत होती? तर दुसऱ्यांच्या गाण्यांत मागे उभं राहून कोरस देत होती.

म्हणजे बघा. एकाच कंपनीनं अडकवलेले दोन कलाकार. एकाला बाईचा आवाज मिळत नाही, दुसरीला स्वतःचं गाणं मिळत नाही. आणि बँडच्या मनात तिचा विचार फारसा नाहीच. हिच्याकडून रफ करून घ्यायचं, एवढंच ठरलेलं.

घरच्या स्टुडिओत लिलीव्हाइट आणि कर्स्टी बसले. इथे माझ्यासारखीनं काय केलं असतं, ते तुम्हाला कळलंच आहे. वीस मिनिटं, ला ला ला, मोकळी. या दोघांनी त्या रफला अख्खा दिवस दिला. एकेक शब्द तपासला. ही शिवी रागानं द्यायची की थकून? हे वाक्य टोचायला हवं की त्यात जुनं प्रेम डोकवायला हवं? पुसून टाकायच्या आवाजासाठी पूर्ण एक दिवस!

टेप परत स्टुडिओत आली. बँडनं ऐकली. विषय संपला. पुसण्याची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

उलट झालं असं, की मॅकगॉवननं स्वतःचाच भाग पुसला आणि पुन्हा नव्यानं गायला. कारण आता समोर तोडीस तोड बाई उभी होती. आधी गायलेला नवरा तिच्यापुढे फिका पडत होता. म्हणजे ज्या आवाजानं नुसता रस्ता दाखवायचा होता, त्यानं मालकालाच पुन्हा परीक्षेला बसवलं. सॉलिड ना?

समोरासमोर न झालेलं भांडण

आता पुढचं ऐका, मला हे कळलं तेव्हा मी खुर्चीवरून पडायची बाकी होते. मॅकगॉवन आणि मॅकॉल हे गाणं स्टुडिओत एकत्र कधी गायलेच नाहीत! तिचा भाग तिच्या घरी, त्याचा भाग नंतर, एकट्यानं. आपण ऐकतो ते भांडण, त्यातली ती तडकाफडकी उत्तरं, तो एकमेकांच्या बोलण्यात घुसणारा राग, हे सगळं हेडफोन्समधून आलेलं आहे.

भांडणाचं ड्युएट आपल्याला नवं नाही. दादा कोंडक्यांच्या सिनेमात महेंद्र कपूर आणि उषा मंगेशकर यांनी नोकझोकीची किती धमाल गाणी दिलीत! आणि आजकाल तर आपल्याकडेही ड्युएटमधले दोघं बहुतेक वेळा वेगवेगळ्या दिवशी येऊन गाऊन जातात. तंत्र तेच. पण समोर माणूस नसताना त्याचं ऐकून गाणं, हे सगळ्यांना जमत नाही. कर्स्टीला ते जमलं, कारण तिनं समोरच्याची ओळ गंभीरपणे ऐकली होती. आणि मॅकगॉवनला जमलं, कारण तिचं गाणं ऐकल्यावर त्याला गप्प बसवेना.

आपल्यापैकी कितीतरी जण आज असेच वेगवेगळ्या शहरांत बसून नाती चालवतायत. एक बंगळुरूला, एक पुण्यात. भांडणंही फोनवर, समजूतही फोनवर. एकत्र असणं वेगळं आणि ऐकणं वेगळं, हे या गाण्याइतकं छान मला तरी कुणी सांगितलेलं नाही.

सिंगल 23 नोव्हेंबर 1987 ला आलं. व्हिडिओ न्यूयॉर्कच्या कडाक्याच्या थंडीत शूट झाला. त्यात कोठडीत नेणारा पोलीस म्हणजे चक्क हॉलिवूडचा मॅट डिलन. मॅकगॉवन पियानोवर बसलेला दिसतो, पण क्लोज-अपमधले हात अकॉर्डियनवाल्या जेम्स फर्नलीचे. मॅकगॉवनच्या अंगठ्या घातलेले! गाण्यात न्यूयॉर्क पोलिसांचं गायकवृंद गातंय असा उल्लेख आहे. प्रत्यक्षात पोलिसांकडे असं वृंद नव्हतंच, पाइप आणि ड्रम्सचा बँड होता. गाण्यात ज्या आयरिश गीताचं नाव येतं ते त्यांना येत नव्हतं, मग त्यांनी कॅमेऱ्यासमोर मिकी माऊस क्लबचं गाणं म्हटलं. खोटं वाटतं? एकदा आवाज बंद करून त्यांचे ओठ बघा.

आयर्लंडमध्ये गाणं पहिल्या नंबरवर गेलं. ब्रिटनमध्ये दुसऱ्यावर अडलं, कारण पहिल्यावर पेट शॉप बॉईज ठाण मांडून होते. पण 2005 पासून दर डिसेंबरला हे गाणं ब्रिटनच्या टॉप ट्वेंटीत परत येतं. त्यातल्या शिव्यांवरून वादही झाले. त्यातला समलिंगी लोकांना दुखावणारा एक शब्द 1992 मध्ये टीव्हीवर गाताना खुद्द कर्स्टीनंच बदलला होता. पुढे 2007 मध्ये बीबीसी रेडिओ वननं गाण्याला कात्री लावली आणि ओरड झाल्यावर त्याच दिवशी मागे घेतली. 2020 मध्ये पुन्हा बदललेली आवृत्ती वाजवली. मला विचाराल, तर तो शब्द आज कानाला बोचतोच. बोचायलाच हवा. पण पात्रं सभ्य नाहीत, एवढ्यासाठी अख्खं गाणं टाकून द्यावं असं मात्र वाटत नाही.

आणि आपल्याकडे, त्याच वर्षी...

हे सगळं वाचून ‘हे फॉरेनमध्येच होतं’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक बोनस. साल तेच, 1987. ‘मिस्टर इंडिया’मधलं ‘हवा हवाई’. श्रीदेवी, ते चमचमते कपडे, ती धमाल! आवाज कविता कृष्णमूर्तींचा. पण कविताताईंनीच मुलाखतींत सांगितलंय, की त्यांना बोलावलं होतं ते डबिंगसाठी. म्हणजे शूटिंगपुरतं गाऊन ठेवायचं, नंतर आशाताई गाणार. त्यात गाताना एका शब्दाचा उच्चारही चुकला. आपण परत गाते, असं त्या म्हणाल्या, पण लक्ष्मीकांतजींनी तोच आवाज ठेवला, चुकीसकट! आजही कान देऊन ऐका, ती चूक तिथेच आहे. सुरुवातीची कितीतरी वर्षं कविताताई मोठ्या गायिकांसाठी असं गाऊन ठेवत होत्या. ती गाणी पुढे त्या मोठ्या आवाजांत आली. कविताताईंचा आवाज पुसला गेला.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. कारण ‘मन लावून केलं की फळ मिळतंच’ असलं काही मी तुम्हाला विकणार नाहीये. ते आपल्या ऑफिसच्या भिंतीवर पोस्टरात असतं, पुरे तेवढं. केट ओ’रिऑर्डननं याच गाण्याचा डेमो आधी गायला होता ना? तो राहिला नाही. 2008 मध्ये पोग्जचा बॉक्स सेट निघाला तेव्हा कुठे तो लोकांच्या कानावर आला. बहुतेक रफ पुसलेच जातात. हा नियमच आहे.

मग एवढा दिवस घालवायचा कशाला?

मला वाटतं, आपल्या पिढीचं निम्मं आयुष्य रफमध्येच चाललंय. कुणी प्रोबेशनवर, कुणी कॉन्ट्रॅक्टवर, कुणी ‘सध्या हे बघ, मग परमनंट माणूस येईल’ अशा खुर्चीत. माझंच घ्या ना. हा कॉलमसुद्धा मला ‘दोन आठवडे सांभाळ’ म्हणून मिळाला होता. फ्रीलान्सर म्हणजे दुसरं काय, चालताबोलता गाईड ट्रॅक! आणि खरं सांगते, पहिल्या आठवड्यात मी ‘दोनच आठवडे तर आहेत’ म्हणून उरकलेला मजकूर पाठवला होता. आज वाचला की लाज वाटते. पुसला तर तोही गेला नाही. छापलाच गेला.

गंमत हीच आहे. आपलं कुठलं काम पुसलं जाणार आणि कुठलं राहणार, हे ठरवणं आपल्या हातात नसतं. कर्स्टीच्याही नव्हतं. तिच्या हातात एक दिवस होता आणि कागदावरची एक बाई होती. त्या बाईला तिनं त्या दिवसापुरता पूर्ण न्याय दिला. आवाज पुसला गेला असता तरी तो दिवस वाया गेला असता, असं मला वाटत नाही. ती त्या दिवशी पुन्हा गायिका होती, कोरसमधली नाही. पुढे पोग्जबरोबर दौऱ्यांवर जाऊन तिची स्टेजची भीती कमी झाली आणि 1989 मध्ये तिचा स्वतःचा ‘काइट’ अल्बम आला.

18 डिसेंबर 2000. मेक्सिकोजवळच्या कोझुमेल बेटापाशी कर्स्टी मुलांबरोबर डायव्हिंग करत होती. बंदी असलेल्या भागात एक स्पीडबोट घुसली. मुलाला तिनं ढकलून वाचवलं, स्वतः वाचली नाही. वय 41. शेन मॅकगॉवन गेला 30 नोव्हेंबर 2023 ला. आयर्लंडमध्ये नीना गावातल्या चर्चमध्ये त्याच्या अंत्ययात्रेत हेच गाणं गायलं गेलं आणि लोक चक्क उठून नाचले. दोघंही आता नाहीत. पण दर डिसेंबरला त्यांचं भांडण नव्यानं सुरू होतं, आणि दरवर्षी मिटतं.

जाता जाता...

काल मी मित्राला फोन केला. म्हटलं, ‘माझा तो ट्रॅक परत घेऊ या का रे?’

‘अगं वेडी आहेस का? पुसणारच आहे तो!’

‘पूस की. पण आधी मला ती ‘ला ला ला’वाली ओळ नीट म्हणू दे. आणि तुझा भाग हेडफोनमध्ये जरा मोठ्यानं लाव. परवा मी तो ऐकलाच नव्हता.’

तो दोन सेकंद गप्प. मग म्हणाला, ‘शनिवारी ये. चहा मी करतो.’

गीझरशिवाय गायचंय, मंडळी. शुभेच्छा द्या!